अर्धा तुडवलेला बर्फ

ही गोष्ट मी तीस वर्षांहून जास्त काळ टाळत आलो. टाळत आलो म्हणजे गप्प बसलो असं नव्हे. सांगितली, पुष्कळदा सांगितली, लोकांनी ती मागून मागून ऐकली. पण जी सांगितली ती वेगळी आणि जी घडली ती वेगळी. घडलेली कुठेच लिहिलेली नाही. जिथे लिहायला हवी होती त्या कागदावर माझी सही आहे, आणि सहीच्या वर खोटं आहे. आता वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलं. गुडघे दुखतात, नावं आठवत नाहीत. झोप मात्र इतकी वर्षं नीट लागत आली, आणि त्याचीही आता लाज वाटते.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या शुगर लँडमध्ये बर्फ पडला. ह्यूस्टनजवळचं हे दमट उपनगर. इथे कधीकधी नाताळातही एसी लावावा लागतो. त्या सकाळी दार उघडलं तर पामच्या झावळ्या पांढऱ्या ओझ्याने वाकलेल्या, आणि अंगणातल्या गवतावर चार बोटं बर्फ. ऑफिसं बंद, शाळा बंद, हायवेवर चिटपाखरू नाही. कुणाकडे फावडं नाही, कुणाकडे धड बूट नाहीत. लोक हातांत पायमोजे घालून आणि पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून बाहेर आले होते. समोरच्या घरातला मिलिंद, मूळचा पुण्याचा, आयटीत आहे, वय चाळीस, तो पिझ्झाच्या खोक्यावर बसून ड्राइव्हवेवरून घसरत होता. मला पाहून ओरडला, “काका! फुल अलास्का फील ना? तुमचा काउबॉय आठवला मला!”

“कंबर मोडशील रे,” मी म्हणालो.

“इन्शुरन्स आहे काका! संध्याकाळी या ना घरी. प्लेनोचे मित्र आलेत, इथेच अडकलेत. त्यांना ती हेलिकॉप्टरची स्टोरी सांगा. मी ट्राय केली, पण तुमच्यासारखी जमत नाही यार.”

मी हसलो, “बघू” म्हणालो आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी गेलो नाही. खिडकीशी बसून राहिलो. दुपारनंतर ढग खाली आले होते आणि अंगणात तो उजेड पडला होता, जो मी तीस वर्षं पाहिला नव्हता. सावली नसलेला उजेड. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. कुंपणाजवळ एक उंचवटा होता. तो गुडघ्याएवढा आहे की घोट्याएवढा, हे मला खिडकीतून सांगता येईना.

अलास्कातल्या त्या मार्च महिन्यात असा उजेड रोज असायचा. मी तेव्हा चाळिशीत होतो. नागपूरहून इंजिनिअर होऊन आलेला, दोन नोकऱ्या सुटलेल्या, तिसरी लागली ती थेट उत्तरेला. टेलिफोनचे सिग्नल एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर पोचवणारे टॉवर असत, त्यांची देखभाल करायची. रस्ते नव्हते. हिवाळाभर टॉवरांच्या बॅटऱ्या थकत, अँटेनांवर बर्फाचे थर चढत. मार्चमध्ये दिवस मोठा झाला की हेलिकॉप्टरने एकेका टॉवरला जायचं, दिवसभर काम करायचं, संध्याकाळच्या आत परतायचं. त्या ऋतूचा वास अजून नाकात आहे: डिझेल, ओली लोकर, आणि नाकातले केस गोठल्यावर येतो तो लोखंडासारखा कोरडा वास. आवाज जवळजवळ नव्हताच. एवढी शांतता की स्वतःच्या टोपीचं कापड कानाला घासलं तरी दचकायला व्हायचं.

आमचा पायलट होता लॉईड. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, हडकुळा, सावकाश बोलणारा. आमच्या तळावरचे बाकीचे लोक त्याला चिडवत. “लॉईडबरोबर जातोयस? मग डबा दोन वेळचा ने,” असं म्हणत. कारण तो प्रत्येक गोष्ट दोनदा पाही आणि तिसऱ्यांदा विचारी. अमेरिकेत मला सगळे ‘मॅक’ म्हणत. लॉईडने पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं, मला तीन वेळा म्हणायला लावलं आणि मग एकेक अक्षर तपासून घ्यावं तसं म्हटलं, “म-धु-कर. बरोबर?” त्यानंतर तो मला कधी मॅक म्हणाला नाही.

माझ्या गोष्टीत मी याच माणसाला काउबॉय केला.

बर्फावर हेलिकॉप्टर उतरवणं म्हणजे काय, हे मला त्याने शिकवलं. आमच्या हेलिकॉप्टरला चाकं नव्हती. खाली दोन लांब नळ असत, घसरगाडीला असतात तसे, त्यांना स्किड म्हणतात. वरून पाहिलं तर बर्फ सपाट दिसतो, पण त्याखाली दगड असतात, ओढे असतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाकलेली झुडपं असतात. झुडपांच्या फांद्या बर्फाला छपरासारख्या तोलून धरतात आणि खाली पोकळी राहते. एक स्किड घट्ट जागी टेकला आणि दुसरा पोकळीत गेला की हेलिकॉप्टर कलंडतं. एका मर्यादेपलीकडे कलंडलं की जगातला कुठलाही पायलट ते सावरू शकत नाही. दुसरी भीती पंख्याच्या वाऱ्याची. मऊ बर्फ त्या वाऱ्याने उसळतो आणि काचेबाहेर नुसतं पांढरं होतं, दुधाच्या पातेल्यात बुडाल्यासारखं.

म्हणून खाली असलेल्या माणसाने जागा तयार करायची. पायांत बर्फावर चालायच्या रुंद चपला बांधून तीस पावलं लांब आणि तीस पावलं रुंद चौकोन तुडवायचा, तीनदा; त्याला पॅड म्हणत. मग अर्धा तास तसाच सोडायचा, म्हणजे दाबलेला बर्फ आवळून घट्ट होतो. मग लांब काठी जागोजाग खुपसून पाहायची. चार कोपऱ्यांना काळ्या पिशव्यांत बर्फ भरून ठेवायच्या, म्हणजे वरून येणाऱ्याला जमीन कुठे आहे ते कळतं. आणि शेवटी आपण समोरच्या कडेला उकिडवं बसायचं, हलायचं नाही.

“त्या पांढऱ्यात मला दुसरं काही दिसत नाही,” लॉईड म्हणाला होता. “पिशव्या दिसतात आणि तू दिसतोस. मी तुझ्याकडे बघत उतरतो. काही गडबड वाटली तर दोन हात डोक्यावर आडवे धर, मी वर जाईन. आणि जागा तयार नसेल तर रेडिओवर ‘नाही’ म्हण. मी रागावणार नाही, मधुकर. ‘नाही’ म्हणणारा माणूस मला आवडतो.”

मी मान डोलावली. आमच्या पिढीला इंजिनिअरिंग कॉलेजपासून साहेबापुढे मान डोलावण्याची एवढी सवय झालेली की ‘नाही’ हा शब्द तोंडात घडतच नसे. हे कारण म्हणून सांगत नाही. त्याच कॉलेजात माझ्यासारख्याच घरांतून आलेले आणि स्पष्ट ‘नाही’ म्हणणारे मित्रही होते.

आता फोनबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या गोष्टीत फोन कधीच नसतो. टॉवरजवळच्या शेडमध्ये कामाचा फोन असे. थोडी युक्ती केली की त्यावरून बाहेरची लाइन मिळे. सगळेच तंत्रज्ञ घरी बोलून घेत. मीही नागपूरला बोलत असे. दुपारी तीनला आमच्याकडे काम संपत आलेलं, तेव्हा नागपूरला पहाटेचे साडेपाच. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले होते, पण पहाटे उठायची सवय सुटली नव्हती. घरी नुकताच फोन बसवला होता. तो वाजला की सगळं घर भोवती गोळा व्हायचं.

त्या दिवशी सकाळी लॉईडने मला एका डोंगरावर सोडलं आणि साडेचारला येतो म्हणून दुसऱ्या टॉवरकडे गेला. दिवसभर मधूनमधून बर्फ भुरभुरत होता. वाऱ्याने सकाळची जागा बुजवून टाकली. अडीचला माझं काम आटोपलं. मी बाहेर आलो, आधी चारही कोपऱ्यांना पिशव्या ठेवल्या, कारण ते सोपं होतं. मग तुडवायला लागलो. टॉवरच्या बाजूचा अर्धा भाग नीट तुडवला, तीनदा. पाय भरून आले, पायमोजे ओले झाले. वाटलं, दहा मिनिटं आत जाऊन ऊब घ्यावी. वेळ भरपूर आहे. आत गेलो, हीटरपुढे पाय धरले आणि हात आपोआप फोनकडे गेला.

“जय भीम, बाबू,” बाबा म्हणाले. “काय करून राह्यला?”

“जय भीम बाबा. कामावर आहे, टेकडीवर.”

“जेवला का?”

“जेवलो.”

“काय जेवला?”

मी सँडविच म्हणालो. ते त्यांनी आईला सांगितलं, आईने ते जेवण मानायला नकार दिला. मग आई बोलली. मग आत्या, ती चार दिवस राहायला आली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मी बर्फाच्या घरात राहतो. तिची समजूत घालेपर्यंत फोन मोठ्या बाबांच्या हातात गेला. बाबांचे थोरले भाऊ. गावाकडून आले होते, फोनवर आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते आणि अलास्कापर्यंत आवाज तसाच पोचावा इतक्या जोरात बोलत होते.

“काय रे, तो बर्फ कसा असते? फ्रीजमंदल्यासारखा?”

“नाही मोठे बाबा. मऊ असतो, कापसासारखा.”

“मंग त्याच्यावर हेलिकॉप्टर कसं उभं राह्यते बे?”

“तुडवावा लागतो आधी.”

“कोण तुडवते?”

“मीच तुडवतो.”

“अन् आत्ता कोण तुडवून राह्यलं?”

तिकडे सगळे खो खो हसले. मीही हसलो. अगदी मनापासून हसलो, पाय हीटरवर ठेवून.

मोठ्या माणसाच्या हातात फोन असताना आपण ‘ठेवतो’ म्हणायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. ते ‘ठेव’ म्हणेपर्यंत धरून ठेवायचा. मोठ्या बाबांना ‘ठेव’ म्हणायचं असतं हे माहीतच नव्हतं. ते पिकाचं बोलले, म्हशीचं बोलले, बोलत राहिले. त्यांना मी थांबवू शकलो असतो. माणूस उतरवायचाय म्हटलं असतं तर त्यांनीच मला दोन शिव्या देऊन फोन आपटला असता. मी थांबवलं नाही, कारण बाहेर थंडी होती आणि आत बरं वाटत होतं.

रेडिओ वाजला तेव्हा चार वाजायला आले होते. मी घाईने फोन ठेवला.

“मधुकर, मी दहा मिनिटांवर आहे. पश्चिमेकडून ढग येतायत म्हणून लवकर निघालो. जागा तुडवलीस?”

“हो.”

“पूर्ण? काठी घालून पाहिलीस?”

“हो, हो. झालंय.”

“नक्की ना? नसेल तर सांग. मी खाली नदीकाठी उतरतो, सकाळी येतो. तुझ्याकडे खायला आहे, स्लीपिंग बॅग आहे.”

“लॉईड, म्हटलं ना, तयार आहे.”

हे शेवटचं वाक्य मी वैतागून म्हणालो. तो वैताग मला सगळ्यात जास्त आठवतो. ‘नाही’ म्हटल्याने माझं काय जाणार होतं? एक रात्र त्या उबदार शेडमध्ये काढावी लागली असती, बस. पण मग का नाही तुडवलं, काय करत होतास, हे आलं असतं. एका सावकाश, भल्या माणसापुढे ओशाळं होणं मला नको होतं.

ओले पायमोजे, बूट आणि बर्फाच्या चपला चढवण्यातच ती दहा मिनिटं जवळजवळ संपली, मग मी धावत बाहेर गेलो. तुडवायला आता वेळ नव्हता. राहिलेल्या अर्ध्या भागात आठ-दहा पावलं टाकली, तेवढ्यात आवाज आला. मी समोरच्या कडेला जाऊन उकिडवा बसलो. हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं. मला सगळं दिसत होतं. लॉईडच्या उजवीकडचा, टॉवरच्या बाजूचा अर्धा घट्ट आणि मळकट, त्याच्या डावीकडचा अर्धा गुळगुळीत, कोरा. काचेमागे लॉईडचा चेहरा दिसत होता, आणि तो माझ्याकडेच पाहत होता. हात डोक्यावर आडवे धरायला मला निदान अर्धं मिनिट होतं. मी हात मांडीवरून उचलले नाहीत. वाटलं, उतरेल. रोज उतरतो.

डाव्या बाजूचा बर्फ उसळला. त्या धुराळ्यात हेलिकॉप्टर हलकेच टेकलं, अगदी मऊ, लॉईड टेकवायचा तसंच. मग डावा स्किड खाली गेला. फार नाही, गुडघाभर. एवढंच. हेलिकॉप्टर एखाद्या थकलेल्या जनावरासारखं कुशीवर वळलं, पंख्याचं पातं बर्फात घुसलं आणि पुढचं आवाजातच झालं.

मी त्याला बाहेर काढला हे खरं आहे. माझ्या गोष्टीतला एवढाच भाग खरा आहे. तेलाचा वास येत होता, मी इंजिन बंद करायचा खटका पाडला, पट्टा कापला, त्याला ओढत शेडपर्यंत नेलं, त्याच फोनवरून मदत मागितली. त्याचा उजवा हात कोपरापासून चिरडला होता. दुसरं हेलिकॉप्टर येईपर्यंत तो शुद्धीवर होता. त्याने एकदाच विचारलं, “तुला लागलं का?”

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटलो. ठरवून गेलो होतो की सांगायचं. जिना चढताना इंग्रजी वाक्य जुळवलं होतं. पण तोच आधी बोलला. म्हणाला, “मधुकर, सॉरी. तू जागा तयार ठेवली होतीस आणि मी नीट उतरलो नाही. पॅडच्या बाहेर टेकलो असणार. डोळ्यांनी दगा दिला बहुतेक.”

मी त्याच्या पलंगाची कडा धरून उभा होतो. म्हणालो, “आता त्याचा विचार नको करू.”

चौकशीला दोन माणसं आली. पातं आपटलं तेव्हा पिशव्या फाटून कुठच्या कुठे उडाल्या होत्या, त्यावर रात्रीतून हातभर बर्फ पडला होता. पाहायला काही उरलं नव्हतं. उरलो होतो मी. त्यांनी सभ्यपणे विचारलं, नेहमीसारखी पूर्ण जागा तुडवली होती का? मी म्हणालो, नेहमीसारखी. काठी घातली होती का? हो. त्यांनी टाइप केलं, मी वाचलं, सही केली. पायलटने तयार जागेच्या बाहेर उतरवल्यामुळे, असं शेवटी अहवालात आलं. लॉईडने त्यावर एक शब्द काढला नाही. तो पुन्हा कधी उडाला नाही. त्याचा हात राहिला, पण कामाचा राहिला नाही. पुढे त्याने हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर नोकरी धरली.

मी वर्षभरात टेक्सासला आलो. इथे ऑइल कंपनीत लागलो, घर घेतलं, मुलगा शिकला, ओहायोत डब्लिनला स्थिरावला. दर नाताळात लॉईडचं कार्ड यायचं. पहिल्या वर्षी अक्षर लहान मुलासारखं होतं, डाव्या हाताने काढलेलं. वर्षागणिक ते सुधारत गेलं. पाकिटावर माझं पूर्ण नाव असे, बिनचूक. आत दरवेळी एक वाक्य असायचंच: तू नसतास तर मी आज नसतो. मी ती कार्डं उघडून लगेच मिटायचो. सुमन, माझी बायको, ती फ्रिजवर लावायची. मी काढून ठेवायचो. तिला वाटायचं, मला टापटीप आवडते.

आणि गोष्ट? ती कशी सुरू झाली ते मला नीट सांगता येत नाही. कुठल्यातरी पिकनिकला कुणीतरी अलास्काबद्दल विचारलं. मी अपघात म्हणालो. लोक जवळ सरकले. मग एकेक करत त्यात भर पडली. लॉईड हॅट घालू लागला. ढगांत घुसताना शीळ वाजवू लागला. आणि मी, जो हात मांडीवर ठेवून बसलो होतो, तो दोन हात डोक्यावर आडवे धरून ‘थांब, थांब’ ओरडू लागलो. मिलिंदसारखी मुलं तो अभिनय करून दाखवत. लोक हसत. “काका, तुम्ही नसता तर गेला होता तो येडा!” म्हणत.

एप्रिलात आमच्या लोकांची जयंती असते. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो, मुलं भाषणं करतात, नंतर सगळ्यांनी घरून आणलेलं जेवण. सुरुवातीला पंचशील म्हणायचं. वयाने मोठा म्हणून गेली काही वर्षं मी पुढे म्हणतो आणि सगळे मागून. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. ते मी खणखणीत म्हणतो. मग जेवताना कुणीतरी नव्याने आलेला म्हणतो, काका, ती हेलिकॉप्टरची गोष्ट. एका वर्षी तर मी हातातली बासुंदीची वाटी खाली ठेवून, ते शील म्हटल्याला तासही झाला नसेल, दोन्ही हात डोक्यावर धरून दाखवले.

तीन उन्हाळ्यांपूर्वी मुलाकडे डब्लिनला गेलो होतो. लॉईड त्याच्या मुलीजवळ, तिथून तासाभरावर राहायला आला होता. कार्डावर पत्ता होता. या वेळी सांगायचंच, म्हणून गाडी घेऊन एकटाच गेलो. सुमनला येऊ दिलं नाही. तो व्हरांड्यात बसला होता. आणखी हडकुळा झालेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. डाव्या हाताने त्याने मला टोमॅटोची रोपं दाखवली. मुलीने आइस्ड टी आणून दिला, “हेच ना ते?” म्हणत माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आत गेली.

मी म्हणालो, “लॉईड, मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“आधी मला एक विचारू दे,” तो म्हणाला. “कुणालाच विचारता आलं नाही. तूच एकटा समोर होतास. मी किती चुकलो होतो?”

“म्हणजे?”

“पॅडच्या किती बाहेर उतरलो? कारण मला पिशव्या दिसल्या होत्या, मधुकर. दोन्ही बाजूंना. शपथेवर सांगतो, मी त्यांच्या मधोमध होतो. तीस वर्षं मी तेच डोळ्यांपुढे आणून पाहतोय. मधोमध होतो तर असं कसं झालं? मग वाटतं, पिशव्या मला भासल्या असतील. तू पाहिलंस. किती? दोन फूट? दहा?”

यापेक्षा रुंद दार मला कुणी कधी उघडून दिलं नसतं. तो पुढे वाकून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. नुसतं विचारत होता, जागा तुडवलीस का असं विचारायचा त्याच सुरात.

मी म्हणालो, “फार नाही. सात-आठ फूट.”

“डावीकडे?”

“डावीकडे.”

त्याने श्वास सोडला, मागे टेकला. “म्हणजे डोळेच,” तो म्हणाला. “हात नाही. डोळे. बरं झालं सांगितलंस. आता तुझं बोल, तू काय सांगणार होतास?”

मी म्हणालो, मला नातू झालाय.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचा फोन आला. वडील गेले, शांतपणे गेले, म्हणाली. मग म्हणाली, “तुम्ही येऊन गेलात त्यानंतर ते फार निवांत झाले होते. म्हणायचे, मधुकरने माझं एक कोडं सोडवलं.”

शुगर लँडमधला बर्फ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वितळून गेला. संध्याकाळी स्वयंपाकघरात सुमन मेथी निवडत होती, तिला मी सगळं सांगितलं. एका दमात, फोनपासून सात-आठ फुटांपर्यंत. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“हॉस्पिटलात बोलला नाहीत, ते समजू शकते,” ती म्हणाली. “नोकरी, व्हिसा, भीती. पण ओहायोत कशाची भीती होती हो तुम्हाला? तिथे काय जाणार होतं?”

मी ताटातली निवडलेली पानं सारखी करत राहिलो.

“आणि पार्ट्यांमध्ये मी तुमच्या शेजारी बसून हसत होते. मलाही त्यात ओढलंत.” तिने जुडी पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाली, “त्याच्या मुलीला कळवा. तिचे वडील चुकले नव्हते हे तिला कळायला हवं.”

ते पत्र लिहून पोस्टात टाकलं आहे. तिने काय करायचं ते तिने ठरवावं. मिलिंदलाही बोलावून सांगितलं. तो बिचारा नुसता “ओके काका, ओके” म्हणत राहिला आणि जाताना माझ्याकडे न बघता गेला. पण माफी मागायची होती ती यांच्यापैकी कुणाचीच नाही. ज्याची मागायची त्याच्यासाठीची वाक्यं मी जिन्यात जुळवली, गाडीत जुळवली, कार्डांच्या उत्तरांत लिहून फाडली, आणि इंग्रजीत ती मला कधी जमली नाहीत. मराठीत जमतात का बघतो.

लॉईड, पिशव्या तुला भासल्या नव्हत्या. तू त्यांच्या मधोमध उतरलास, जिथे उतरायला हवं होतं अगदी तिथे. डावी बाजू मी तुडवली नव्हती. मी आत पाय शेकत फोनवर हसत बसलो होतो. तू मला तीन वेळा विचारलंस आणि तीनही वेळा मी खोटं बोललो. हात वर करायला वेळ होता, मी केले नाहीत. म्हातारपणी तू चौथ्यांदा विचारलंस, तेव्हा तुझे चांगले डोळेसुद्धा मी तुझ्याकडून काढून घेतले. तुझे डोळे चुकले नाहीत, तुझा हात चुकला नाही. मला माफ कर.